कळपाच्या कडेनं

(आमच्या अभ्यासवर्गात केलेल्या भाषणाचं शब्दांकन)



आपल्या अभ्यासवर्गात एक प्रश्न फिरून फिरून येतो. ज्या धर्मात, ज्या घरात आपण वाढलो, त्याच्या हातून मोठा अन्याय झालेला आहे हे कळल्यावर बाईनं काय करायचं? बाहेर पडायचं, की आत राहून बोलायचं? आत राहिली तर मैत्रिणी म्हणतात तडजोड केली. बाहेर पडली तर घरचे म्हणतात पाठ फिरवली. या प्रश्नाचं तयार उत्तर माझ्याकडे नाही. पण गेले काही महिने मी एका बाईंविषयी वाचते आहे. त्या अमेरिकेतल्या, पंथानं मॉर्मन, पेशानं शिक्षिका, नऊ मुलांच्या आई. एक्याण्णव वर्षं जगल्या आणि शेवटपर्यंत श्रद्धाळू राहिल्या. आणि त्यांच्याच पंथानं जे शंभर वर्षं झाकून ठेवलं होतं, ते त्यांनी लिहून छापलं. त्यांचं नाव हुआनिता ब्रुक्स. आज त्यांची गोष्ट सांगते.

आधी मॉर्मन पंथाबद्दल थोडं. आपल्याला बहुधा एवढंच ठाऊक असतं की त्यांच्यातले पुरुष अनेक बायका करीत. ते खरं आहे, पण तेवढंच नाही. १८३० साली न्यूयॉर्क राज्यात जोसेफ स्मिथ यानं हा पंथ स्थापन केला. शेजाऱ्यांशी वैर, जाळपोळ, हकालपट्टी असं सोसत हे लोक पश्चिमेकडे सरकत गेले. १८४४ साली जमावानं तुरुंगात शिरून स्मिथला ठार मारलं. मग ब्रिगहॅम यंगच्या मागोमाग ते १८४७ साली आजच्या युटा राज्यातल्या सॉल्ट लेकच्या खोऱ्यात पोहोचले. बहुपत्नीत्व अधिकृतपणे थांबवल्याची घोषणा पंथानं १८९० साली केली.

बायकांच्या बाबतीत हा पंथ मोठा विचित्र आहे. रिलीफ सोसायटी ही त्यांची बायकांची संघटना १८४२ साली स्थापन झाली. युटातल्या बायकांना मताचा हक्क १८७० साली मिळाला, अमेरिकेतल्या बहुतेक बायकांच्या कितीतरी आधी. १८८७ साली अमेरिकन संसदेनं बहुपत्नीत्वाविरुद्धच्या कायद्यात तो काढून घेतला आणि १८९६ साली युटाला राज्याचा दर्जा मिळाला तेव्हा तो परत आला. म्हणजे सभा घेणाऱ्या, मासिक काढणाऱ्या, दवाखाने चालवणाऱ्या बायका तिथे होत्या. पण धर्माधिकार फक्त पुरुषांना. बारा वर्षांच्या मुलाला जो मिळतो तो सत्तर वर्षांच्या आजीला मिळत नाही. हे आजही तसंच आहे.

अशा पंथात १५ जानेवारी १८९८ रोजी नेवाडातल्या बंकरव्हिल या गावी हुआनिताबाईंचा जन्म झाला. गाव व्हर्जिन नदीकाठचं, भोवती वाळवंट. १८७७ साली मॉर्मन कुटुंबांनीच ते वसवलेलं. वडील हेन्री लेव्हिट गुरं राखीत आणि टपाल वाहून नेत. आजोबा डडली लेव्हिट यांच्या पाच बायका. त्यामुळे गावात जिथे जावं तिथे चुलते, आत्या, सावत्र आज्या. गाव म्हणजेच कुटुंब आणि कुटुंब म्हणजेच चर्च. यातलं एक सोडायचं आणि दुसरं धरायचं, अशी सोयच नव्हती. पुढची गोष्ट ऐकताना हे लक्षात असू द्या.

हुआनिता शिकली आणि शेजारच्या मेस्किट गावी शिक्षिका झाली. एकविशीची पोर. तिथे नेफाय जॉन्सन नावाचे पंच्याऐंशी वर्षांचे म्हातारे होते. पंथात मानाचे, आशीर्वाद द्यायचा अधिकार असलेले. एक दिवस ते या तरुण बाईंकडे आले. आपल्या डोळ्यांनी जे पाहिलं आणि तोंडानं कधीच बोललो नाही, ते तू माझ्यासाठी लिहून घे, असं त्यांनी सांगितलं. बाईंनी हो म्हटलं. पण शाळेची गडबड होती, म्हणून पुढे ढकललं. अखेर त्या गेल्या तेव्हा म्हातारबाबा मरणाच्या दारात होते. शुद्ध हरपलेली. मध्येच किंचाळत, बरळत, आणि त्या बरळण्यात रक्त हा शब्द पुन्हा पुन्हा येई. बाई उशाशी बसून राहिल्या. लिहून घेण्यासारखं काहीच उरलं नव्हतं. हे १९१९ साल.

बाईंनी चौकशी केली तेव्हा कळलं, की १८५७ साली माउंटन मेडोज नावाच्या कुरणात जी कत्तल झाली, तिथे हे गृहस्थ हजर होते. त्या भागात ही गोष्ट सर्वांना ठाऊक होती आणि कोणी बोलत नव्हतं. पुढे शोध घेताना बाईंच्या लक्षात आलं, की त्यांचे स्वतःचे आजोबाही त्या घटनेच्या आसपास होते.

पण ही पुढची गोष्ट. त्याच वर्षी त्यांचं लग्न झालं. दीड वर्षाच्या आत नवरा कॅन्सरनं गेला. पदरात तान्हा मुलगा. बावीस-तेवीस वर्षांची विधवा बाई अशा वेळी काय करते? त्या शिकल्या. मूल सांभाळत, मिळेल ते काम करत १९२५ साली ब्रिगहॅम यंग विद्यापीठाची पदवी घेतली. युटातल्या सेंट जॉर्ज गावी डिक्सी कॉलेजात इंग्रजी आणि वक्तृत्व शिकवू लागल्या. मुलींच्या अधिष्ठाता झाल्या. मध्येच न्यूयॉर्कला जाऊन १९२९ साली कोलंबिया विद्यापीठाची एम.ए. झाल्या. बंकरव्हिलची मुलगी कोलंबियात गेली आणि शिकून परत आपल्या वाळवंटात आली.

१९३३ साली त्यांनी विल ब्रुक्स यांच्याशी लग्न केलं. विल विधुर, गावचे शेरीफ, पुढे पोस्टमास्तर. त्यांना आधीचे चार मुलगे. बाईंचा एक. आणि पुढच्या पाचेक वर्षांत आणखी चार मुलं झाली. लग्नाबरोबर कॉलेजची नोकरी सुटली. शिकवायला त्या परतल्या ते बऱ्याच वर्षांनी.

आता या घराचं चित्र डोळ्यांसमोर आणा. नऊ मुलं. स्वयंपाक, धुणी, दुखणी. त्यात रिलीफ सोसायटीच्या त्या भागातल्या अध्यक्षपदाची जबाबदारी. तो काळ महामंदीचा. सरकारी मदतनिधीतून गरजूंना काम देता येत होतं. बाईंनी काय केलं, तर गावातल्या गरजू बायका-मुलींना टंकलेखनाचं काम लावून दिलं. घराघरांतून ट्रंकांमध्ये, माळ्यांवर पडलेल्या जुन्या वसाहतकऱ्यांच्या डायऱ्या गोळा करायच्या, त्यांच्या प्रती टाइप करायच्या आणि मूळ वही मालकाला परत करायची. बायकांना पगार मिळाला आणि वाळवी लागून गेले असते असे कागद वाचले. पुढे कॅलिफोर्नियातल्या हंटिंग्टन ग्रंथालयासाठी त्यांनी हेच काम केलं. आज त्या प्रदेशाच्या इतिहासावर लिहिणारा कोणीही या कागदांशिवाय पुढे जाऊ शकत नाही.

मला स्वतःला त्यांच्या आयुष्यातली सर्वांत जवळची वाटलेली गोष्ट इस्त्रीची आहे. बाई लिहायला बसत तेव्हा इस्त्रीचे कपडे मुद्दाम हाताशी ठेवीत. कोणी शेजारीण आली की कपडे टाइपरायटरवर टाकायचे आणि इस्त्री हातात घ्यायची. शेजारणीला दिसे ते एवढंच, की ब्रुक्सबाई इस्त्री करताहेत. गावात लिहिणाऱ्या बाईकडे लोक संशयानं पाहतात. इस्त्री करणाऱ्या बाईकडे कोणी पाहत नाही. खरं लिखाण मुलं झोपल्यावर, रात्री. आपल्यापैकी किती जणींनी पुस्तक उशीखाली किंवा डाळीच्या डब्यामागे सरकवलं आहे, ते हात वर करून सांगू नका, मला माहीत आहे. पण या कपड्यांखाली काय होतं ते ऐका.

१८५७ साली अमेरिकेच्या अध्यक्षांनी युटावर सैन्य पाठवलं होतं. मॉर्मन लोकांना वाटलं, पुन्हा एकदा आपल्याला हुसकून लावणार. ब्रिगहॅम यंगनं लष्करी कायदा पुकारला. धान्य साठवा, परक्यांना विकू नका असे हुकूम निघाले. व्यासपीठांवरून सूडाची भाषा चालू होती. नेमक्या त्या दिवसांत अर्कान्सा राज्यातून कॅलिफोर्नियाला निघालेला एक तांडा या प्रदेशातून जात होता. बायका, मुलं, गुरं, गाड्या. ७ सप्टेंबरला माउंटन मेडोजमध्ये त्यांच्यावर हल्ला झाला. त्यांनी गाड्यांचा कोट करून पाच दिवस झुंज दिली. पाणी तुटलं. ११ सप्टेंबरला जॉन डी. ली हा मॉर्मन पुढारी पांढरं निशाण घेऊन गेला. हत्यारं खाली ठेवा, आम्ही तुम्हांला सुखरूप नेतो, असं वचन दिलं. लोकांनी विश्वास ठेवला. बायका-मुलं पुढे, मागे पुरुष, आणि प्रत्येक पुरुषाच्या शेजारी एक हत्यारी मॉर्मन शिपाई. ठरलेली खूण झाली आणि कत्तल सुरू झाली. सुमारे १२० माणसं मारली गेली. सतरा लहान मुलं तेवढी ठेवली. सात वर्षांच्या आतली, म्हणजे मोठेपणी साक्ष देऊ शकणार नाहीत अशी.

काय करावं हे विचारायला एक घोडेस्वार सॉल्ट लेकला ब्रिगहॅम यंगकडे धाडला होता. तांड्याला जाऊ द्या, हा निरोप घेऊन तो परतला तेव्हा दोन दिवस उशीर झाला होता.

ती सतरा मुलं त्या रात्री जवळच्या एका वाडीवर आणली गेली. रेचेल हॅम्ब्लिन नावाच्या बाईनं त्या रडणाऱ्या, जखमी पोरांना सांभाळलं. पुढे ती मॉर्मन घरांत वाटली गेली आणि १८५९ साली सरकारनं त्यांना अर्कान्सात नातेवाइकांकडे पोहोचवलं. म्हणजे जवळजवळ दोन वर्षं या बायकांनी त्या मुलांना जेवू घातलं, न्हाऊ घातलं. ती कुठून आली हे त्यांना ठाऊक नव्हतं असं कसं म्हणायचं? इतिहासात अशा वेळी बायकांच्या वाट्याला दोनच कामं येतात, पोरं सांभाळणं आणि गप्प बसणं. त्या गप्प बसण्याला तीन पिढ्या झाल्यावर त्यांच्याच एका नातीनं ते मोडलं.

अधिकृत कहाणी अशी होती, की हे पायूट आदिवासींनी केलं आणि एकट्या लीनं त्यांना साथ दिली. लीला पंथानं १८७० साली बहिष्कृत केलं. २३ मार्च १८७७ रोजी सरकारनं त्याला त्याच कुरणात नेऊन गोळ्या घातल्या. पन्नासाहून अधिक पुरुषांनी केलेल्या कृत्याची शिक्षा एकाला. बाकीचे आपापल्या गावी म्हातारे झाले, कोणी पंथात मानाच्या जागेवर बसले, नेफाय जॉन्सनसारखे.

बाईंनी हे सगळं तपासायला घेतलं. प्रत्यक्ष भाग घेतलेल्यांची काही प्रतिज्ञापत्रं चर्चच्या मुख्यालयात आहेत हे त्यांना समजलं. त्या सॉल्ट लेकला गेल्या. कागद आत होते, बाई दारात होत्या, आणि त्यांना ते पाहू दिले नाहीत. जन्मभर त्या चर्चसाठी राबलेल्या बाईला. त्यांनी आरडाओरडा केला नाही. परत आल्या आणि आपल्याला नकार मिळाला हे पुस्तकात सरळ लिहून टाकलं.

'द माउंटन मेडोज मॅसकर' हे पुस्तक १९५० साली स्टॅनफर्ड विद्यापीठाच्या प्रकाशनानं छापलं. बाई तेव्हा बावन्न वर्षांच्या होत्या. त्यांनी दाखवलं की कत्तलीचा निर्णय स्थानिक मॉर्मन पुढाऱ्यांचा होता, लीला बळीचा बकरा केलं गेलं. ब्रिगहॅम यंगनं हुकूम दिला असं त्यांना आढळलं नाही. पण ज्या वातावरणात हे घडलं ते तयार करण्यात त्याचा हात होता आणि नंतर ते झाकण्यातही होता, हे त्यांनी नोंदलं. आपल्या पंथाच्या सर्वांत मोठ्या पुढाऱ्याबद्दल एक श्रद्धाळू बाई हे लिहीत होती, आणि तेही कुठे आवाज न चढवता. मारणाऱ्यांनाही त्यांनी राक्षस केलं नाही. चांगली, कष्टाळू, देवभोळी माणसं भीतीनं आणि आज्ञापालनानं कुठवर जातात, हे त्यांना समजून घ्यायचं होतं. कारण ती माणसं त्यांच्या घरातली होती.

मग काय झालं? काहीच झालं नाही. बाईंना बहिष्कृत केलं नाही. चर्चनं पुस्तकाचं खंडन केलं नाही आणि नावही घेतलं नाही. गावात मात्र माणसं दूर राहू लागली. ज्यांना सर्वजण बोलावत त्यांना बोलावणं कमी झालं. ही शिक्षा तुम्हांला मी समजावून सांगायला नको. रागावलेल्या माणसाशी भांडता येतं, न बोलणाऱ्याशी काय करणार? बाई दर रविवारी चर्चला जात राहिल्या. विल त्यांच्या बाजूनं उभे राहिले.

पुढे त्यांनी लीच्या डायऱ्या संपादित केल्या, त्या १९५५ साली निघाल्या. १९६१ साली लीचं चरित्र लिहिलं. त्याच वर्षी चर्चनं लीला मरणोत्तर पंथात परत घेतलं. चौऱ्याऐंशी वर्षांपूर्वी ज्याला गोळ्या घातल्या, त्याच्या वंशजांना मान वर करता आली. विल १९७० साली गेले. बाईंची आत्मकथा १९८२ साली आली. शेवटची वर्षं स्मृतिभ्रंशात गेली. जिनं सगळ्या प्रदेशाची स्मृती गोळा केली, तिची स्वतःची हरपली. २६ ऑगस्ट १९८९ रोजी सेंट जॉर्जमध्ये त्या वारल्या.

पुढच्याच वर्षी, सप्टेंबर १९९० मध्ये, माउंटन मेडोजला स्मारक उभं राहिलं आणि मारणाऱ्यांचे व मेलेल्यांचे वंशज एकत्र आले. ११ सप्टेंबर २००७ रोजी, दीडशे वर्षांनी, चर्चच्या वरिष्ठ नेत्यानं तिथे जाहीरपणे खेद व्यक्त केला, आणि पायूट लोकांवर ढकललेल्या दोषाबद्दलही. २००८ साली चर्चशी संबंधित तीन इतिहासकारांचा मोठा ग्रंथ आला, आणि जे कागद बाईंना नाकारले होते तसे कागद या वेळी कपाटाबाहेर आले. बाईंच्या पुस्तकानंतर अठ्ठावन्न वर्षांनी.

आता त्या पहिल्या प्रश्नाकडे येते.

बाईंचे वडील गुराखी होते. लेक पंथावर टीका करते हे पाहून त्यांनी तिला एकदा समजावलं होतं, त्याचा आशय मी माझ्या शब्दांत सांगते. कळपाच्या मधोमध घोडा घातला तर माणूस हरवतो. कळपाच्या उलट दिशेनं गेला तर तुडवला जातो. नुसता मागून चालला तर त्याचा उपयोग नाही, सगळी जबाबदारी दुसऱ्यांवर. जो कडेनं चालतो, गातो, हाका मारतो, आपला आवाज ऐकू जाईल असं बघतो, तोच कळपाला वळवू शकतो. बाई जन्मभर तशा कडेनं चालल्या. ज्या संस्थेवर आपलं प्रेम आहे तिला खोट्याचा टेकू देणं म्हणजे तिला कमी लेखणं, अशी त्यांची धारणा होती.

हे ऐकायला फार छान आहे. म्हणूनच मी दुसरी बाजूही सांगणार आहे. कड किती रुंद ठेवायची हे कळपाच्या मालकांच्या हातात असतं. सोनिया जॉन्सन याही मॉर्मन, याही शिक्षिका, चार मुलांच्या आई. अमेरिकेच्या राज्यघटनेत स्त्री-पुरुष समानतेची दुरुस्ती व्हावी म्हणून त्या उघड लढल्या. चर्चचा त्या दुरुस्तीला विरोध होता. डिसेंबर १९७९ मध्ये त्यांना बहिष्कृत केलं. सप्टेंबर १९९३ मध्ये सहा लेखक-अभ्यासकांवर कारवाई झाली, त्यांतल्या बऱ्याचजणी स्त्रीवादी होत्या. त्यांतल्या लाव्हिना फील्डिंग अँडरसन यांना काढून टाकल्यावरही त्या रविवारी त्याच चर्चमध्ये येऊन बसत राहिल्या. त्यांनी तर कड सोडलीच नव्हती, त्यांना ढकललं गेलं. शंभर वर्षांपूर्वीच्या पुरुषांबद्दल लिहिलेलं खपून गेलं, आजच्या पुरुषांच्या अधिकाराबद्दल बोललेलं खपलं नाही. हा फरक आपण विसरू नये.

आणि बाईंच्या कामालाही मर्यादा होत्या. पायूट लोकांच्या वाट्याला त्यांनी जेवढा दोष ठेवला, तो नंतरच्या संशोधनानं आणि पायूटांच्या स्वतःच्या सांगण्यानं बराच कमी झाला आहे. ज्यांच्या घरी ट्रंकेत डायऱ्या होत्या त्यांचा इतिहास वाचला. ज्यांच्याकडे फक्त तोंडी आठवण होती, त्यांना थांबावं लागलं.

तरीही मला ही बाई सोडवत नाही. कारण नेफाय जॉन्सनच्या उशाशी त्या उशिरा पोहोचल्या आणि तो उशीर त्यांनी स्वतःला माफ केला नाही. शाळा संपू दे, मग जाईन, असं आपणही म्हणतो. आपापल्या घरांत अशा म्हाताऱ्या आहेत, ज्यांनी काही पाहिलं आहे आणि कधी बोलल्या नाहीत. फाळणीतलं, दंगलीतलं, माजघरातलं. त्यांतली एखादी कधीतरी म्हणते, तुला एक सांगायचं आहे. तेव्हा आपल्या हातात इस्त्री असते.

चर्चेसाठी मी दोन प्रश्न ठेवते. एक, कडेनं चालायचं तर आपली कड कुठे आहे आणि ती कोण ठरवतं? दुसरा, आपल्या घरात असं कोण आहे, ज्यांच्याकडे आपण पुढच्या आठवड्यात वही घेऊन जाऊ शकतो? पहिल्याचं उत्तर आज मिळेल असं नाही. दुसऱ्याचं मात्र आज घरी जाताना मिळू शकेल.